जुन्या गाडीत मोबाइल चार्जिंगचा पॉइंट बसवताय? आधी वायर कुठून घेतली ते बघा

रात्रीचे साडेअकरा. घरात कुणाची तरी तब्येत बिघडलेली, गाडी काढून तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालेलो. मोबाइलची बॅटरी दोन टक्क्यांवर. पुढे डॉक्टरांना फोन लावायचाय, पैशांची सोय करायचीय, पाहुण्यांना कळवायचंय, आणि फोन कधी बंद पडेल सांगता येत नाही. बॉनेटखाली भरलेली बॅटरी आहे, पण तिची वीज मोबाइलपर्यंत आणायला पॉइंटच नाही. जुनी मारुती 800, ओम्नी, सुमो किंवा वडापची जीप ज्यांच्या दारात आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांवर अशी वेळ येऊन गेलेली असते.

मग पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी गॅरेजला लागते. मिस्त्री डॅशबोर्डखाली हात घालतो, हॉर्नची नाहीतर लाइटची एक वायर ओढतो, ब्लेडने सोलतो, चार्जरची वायर तिला पिळतो आणि वरून काळी टेप गुंडाळतो. दहा मिनिटांत मोबाइलवर चार्जिंगची खूण येते. आपण खूश. "मिस्त्री, फ्यूज टाकला का?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "एवढ्याशा मोबाइलला फ्यूज कशाला, दादा?"

सगळी गोम याच उत्तरात आहे. फ्यूज मोबाइलला वाचवायला नसतो. गाडीतली वायर पेटू नये म्हणून तो असतो. मारुती 800 चं उत्पादन 2014 साली बंद झालं, ओम्नीचं 2019 साली. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या या गाड्यांची वायरिंग बरीच जुनी झालेली आहे. तिच्यात नवा पॉइंट जरूर काढा, पण तो कसा काढायचा हे समजून घ्या. स्वतः काम करणार नसाल, तरी गॅरेजात उभं राहून काय बघायचं ते माहीत पाहिजे.

12 व्होल्टला घाबरायचं कशाला?

गाडीच्या बॅटरीला हात लावला तर शॉक बसत नाही. घरातल्या 230 व्होल्टची भीती वाटते तशी 12 व्होल्टची वाटत नाही, आणि निष्काळजीपणा तिथूनच सुरू होतो. गाडीत धोका शॉकचा नसतो, आगीचा असतो.

सेल्फ मारताना हीच बॅटरी शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त अँपिअरचा करंट देते. आता समजा, सॉकेटला दिलेली बारीक वायर कुठेतरी घासली आणि तिचं तांबं गाडीच्या पत्र्याला टेकलं. पत्रा म्हणजेच बॅटरीची मायनस बाजू. झालं शॉर्ट. बॅटरी तिच्यात आहे तेवढा सगळा करंट त्या बारीक वायरीतून सोडते. वायर काही सेकंदांत लालबुंद होते, वरचं प्लास्टिक वितळतं, शेजारच्या वायरी धरते. आसपास जुनं फोम, मॅट, प्लास्टिक असतंच.

वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असेल, तर किल्ली बंद केली तरी हे थांबत नाही. वायर जळून तुटेपर्यंत करंट चालू राहतो.

मध्ये 5 अँपिअरचा फ्यूज असला, तर शॉर्ट होताक्षणी फ्यूजमधली तार वितळते आणि करंट तुटतो. चहाच्या पैशात मिळणारी ही वस्तू गाडी वाचवते.

आधी बघा, गाडीत जागा आहे का

छिद्र पाडायच्या आधी डॅशबोर्ड नीट बघा. बऱ्याच गाड्यांमध्ये सिगारेट पेटवायचं लायटर असतं. लायटर हरवलेलं असलं तरी त्याचं गोल सॉकेट जागेवर असतं. काही गाड्यांत त्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण असतं.

गोल सॉकेट असेल पण चालत नसेल, तर पहिल्यांदा फ्यूज बॉक्स उघडा. बहुतेक गाड्यांत तो स्टिअरिंगच्या खाली किंवा बॉनेटच्या आत असतो. लायटरचा फ्यूज उडालेला असेल तर तेवढाच बदलून काम होतं. सॉकेटच्या आत धूळ किंवा गंज साचलेला असू शकतो. एखादं नाणं पडलेलं असू शकतं. साफ करताना बॅटरीची मायनस वायर काढूनच करा. सॉकेटच्या मधल्या टोकाला प्लस असतो आणि भोवतीच्या नळीला मायनस. स्क्रू ड्रायव्हर दोन्हीला एकदम टेकला की शॉर्ट.

सॉकेट चालू झालं, तर त्यात चांगल्या प्रतीचा कार चार्जर लावा. गाडीची एकही वायर न कापता काम झालं.

कोणतं सॉकेट घ्यायचं?

नवीन बसवायचंच असेल, तर बाजारात दोन प्रकार मिळतात.

पहिला, थेट यूएसबीचं सॉकेट. 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारं सर्किट त्याच्या आतच असतं. मोबाइलची केबल थेट त्यात घालायची. फक्त मोबाइल चार्ज करायचा असेल तर हे सोयीचं.

दुसरा, 12 व्होल्टचं गोल सॉकेट. त्यात कार चार्जर लावता येतो आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंपही चालतो. पण पंप 10 ते 15 अँपिअर करंट ओढू शकतो. त्याला जाड वायर आणि मोठा फ्यूज लागतो. मोबाइलसाठी ओढलेल्या बारीक वायरीवर पंप चालवायचा नाही.

मोबाइलला किती करंट लागतो याचा हिशेब सोपा आहे. साधा चार्जर 5 व्होल्टला 2 अँपिअर देतो, म्हणजे 10 वॅट. फास्ट चार्जिंगचा एक पॉइंट 18 वॅटचा धरा. दोन मोबाइल एकदम लावले तर 36 वॅट. 36 ला 12 ने भागलं की 3 अँपिअर. सॉकेटमधलं सर्किट थोडी वीज उष्णतेत घालवतं, म्हणून साडेतीन धरा. याला 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तुमच्या सॉकेटच्या डब्यावर एकूण वॅट लिहिलेले असतील, त्यांना 12 ने भागून बघा.

घरच्या चार्जरवर फोन जितक्या झपाट्याने भरतो तितक्या झपाट्याने गाडीत भरेलच असं नाही. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर आणि केबलवर चालतं. त्यामुळे चार्जिंग हळू होतंय म्हणून लगेच वायरिंगवर संशय घेऊ नका. आधी केबल बदलून बघा.

ट्रक, बस किंवा मोठ्या टेम्पोला सॉकेट लावणार असाल, तर तिथे 24 व्होल्ट असतात. सॉकेटवर "12-24 व्होल्ट" असं लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. फक्त 12 व्होल्टचं सॉकेट तिथे लावलं तर जळेल.

करंट घ्यायचा कुठून?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बरोबर रस्ते तीन आहेत.

पहिला रस्ता, टेपची लाइन. जुन्या गाडीत बहुधा बाहेरून बसवलेला टेप असतो. अशा टेपच्या स्वतःच्या वायरींत साधारणपणे पिवळी वायर कायम चालू असते, लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू होते आणि काळी अर्थची असते. आपल्याला किल्लीवर चालू-बंद होणारी लाल लाइन हवी. मात्र हे रंग टेपचे आहेत. गाडीच्या मूळ वायरींचे रंग कंपनीप्रमाणे वेगळे असतात. शिवाय आधीच्या मालकाने काय जोडून ठेवलंय कुणास ठाऊक. म्हणून रंगावर विसंबू नका, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून खात्री करा. लाइन इथून घेतली, तरी सॉकेटच्या वायरीला स्वतःचा वेगळा फ्यूज पाहिजेच.

दुसरा रस्ता, फ्यूज बॉक्स. पात्याचे फ्यूज असलेल्या गाड्यांसाठी फ्यूज टॅप नावाची वस्तू मिळते. गाडीचा एक फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप खोचायचा. टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात, एक जुन्या लाइनचा आणि एक आपल्या सॉकेटचा. गाडीची वायर सोलावी लागत नाही. उद्या नको झालं तर टॅप काढून जुना फ्यूज परत बसवला की गाडी होती तशी. यासाठी टेप, लायटर किंवा वायपरसारखी किल्लीवर चालणारी लाइन निवडावी.

तिसरा रस्ता, थेट बॅटरी. जुन्या जीपमध्ये मूळ वायरिंग इतकी तोडजोड केलेली असते की तिच्यावर आणखी भार टाकणं धोक्याचं ठरतं. हवेचा पंप चालवायचा असेल तरीही बॅटरीवरून वेगळी लाइन ओढणं चांगलं. मग बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. सॉकेटजवळ फ्यूज लावून उपयोग नाही. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर उघडीच राहते आणि शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. अशा लाइनला किल्लीवर चालणारा रिले लावा, निदान एक चांगला स्विच तरी लावाच.

आणि या ठिकाणांहून करंट कधीच घ्यायचा नाही: हेडलाइट, ब्रेक लाइट, हॉर्न, इग्निशन, पेट्रोल पंप, इंजिनचा कॉम्प्युटर आणि एअरबॅग. कारण उघड आहे. सॉकेटमध्ये बिघाड होऊन त्या लाइनचा फ्यूज उडाला, तर रात्री घाटात हेडलाइट जाईल किंवा इंजिन बंद पडेल. मोबाइलच्या पॉइंटसाठी एवढा जुगार कशाला खेळायचा?

वायर, फ्यूज आणि अर्थ

वायर गाडीचीच घ्या. तांब्याच्या बारीक तारांची, लवचिक, ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती. यूएसबी सॉकेटला 1 चौरस मिलिमीटरची पुरते. पंपासाठी 2.5 ची आणि तिच्यावर 15 अँपिअरचा फ्यूज. घरच्या वायरिंगमधली एका जाड तारेची वायर गाडीत वापरू नका. सततच्या हादऱ्यांनी ती आतून तुटते. स्वस्त वायरीत नुसता तांब्याचा मुलामाही असतो. तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा.

पात्याच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा. 5 अँपिअरचा बदामी, 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. 5 चा सारखा उडतोय म्हणून 20 चा टाकणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून ओरडणाऱ्याचं तोंड दाबणं. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा भार जास्त आहे. तो शोधा. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालायची सवय तर कायमची सोडा.

अर्थसाठी काळी वायर पत्र्याच्या घट्ट स्क्रूखाली द्या. वायरीच्या टोकाला गोल लग दाबून बसवा आणि स्क्रूखालचा रंग व गंज खरवडून काढा. अर्थ कच्ची असली की चार्जिंग येतं-जातं आणि जोड तापतो.

नुसती पिळलेली वायर आणि त्यावर काळी टेप, हा जोड जुन्या गाडीत टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि तांबं उघडं पडतं. जोड दाबून किंवा डाग देऊन करा आणि त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा.

काम करताना

1. किल्ली बंद करा. बॅटरीची मायनस वायर आधी काढा. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

2. सॉकेटची जागा ठरवा. गुडघा लागणार नाही, पाणी पडणार नाही, गिअर टाकताना केबल मध्ये येणार नाही अशी. झाकण असलेलं सॉकेट घ्या. आपल्याकडच्या धुळीत ते लागतंच.

3. छिद्र पाडायच्या आधी डॅशबोर्डच्या मागे काय आहे ते हात घालून, टॉर्च मारून बघा. मागे वायरींचा जुडगा असेल तर जागा बदला. छिद्राचं माप सॉकेटच्या डब्यावर बघा.

4. वायर पेडल, स्टिअरिंगचा दांडा, हीटरचे पाइप यांच्यापासून लांबून न्या आणि जागोजागी पट्टीने बांधा. बॉनेटमधून आत आणायची असेल तर पत्र्याच्या छिद्रात रबरी बूच बसवा. नाहीतर पत्र्याची धार सहा महिन्यांत वायर कापते.

5. सगळे जोड झाल्यावर फ्यूज बसवा. बॅटरीची मायनस वायर सगळ्यात शेवटी लावा.

6. आता तपासा. किल्ली बंद असताना सॉकेट मेलेलं पाहिजे, किल्ली फिरवल्यावर चालू झालं पाहिजे. दोन मोबाइल लावून वीस मिनिटं गाडी चालू ठेवा. मग सॉकेट, जोड आणि फ्यूज होल्डरला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर जोड कच्चा आहे, खोलून पुन्हा करा.

गाडीला गॅसचं किट असेल, तर सिलिंडर आणि गॅसच्या पाइपाजवळून वायर नेऊ नका. गॅसचा थोडाही वास येत असेल, तर वायरिंगला हात लावायच्या आधी गळती दुरुस्त करून घ्या.

बॅटरी उतरते ती कशाने?

"मोबाइल चार्ज केला आणि बॅटरी बसली" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. हिशेब करून बघू. 5000 एमएएचचा मोबाइल पूर्ण भरायला गाडीच्या बॅटरीतून साधारण 2 अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे एका मोबाइलने चांगली बॅटरी उतरत नाही.

बॅटरी उतरते ती कायम चालू राहिलेल्या सॉकेटने. निळा दिवा किंवा व्होल्टचा आकडा दाखवणारं सॉकेट थेट बॅटरीवर असेल आणि ते समजा 20 मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो. गाडी महिनाभर दारात उभी राहिली तर 14 अँपिअर-तास गेले. आधीच म्हातारी झालेली बॅटरी तेवढ्यात सेल्फ घेणार नाही. म्हणून सॉकेट किल्लीवरच पाहिजे.

व्होल्ट दाखवणाऱ्या सॉकेटचा एक फायदाही आहे. इंजिन चालू असताना आकडा साधारण 13.5 ते 14.5 च्या मध्ये असेल तर अल्टरनेटर बॅटरी भरतोय. इंजिन चालू असूनही आकडा 12 च्या आसपास घुटमळत असेल, तर गाडी रस्त्यात बंद पडायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मोबाइल उन्हात डॅशबोर्डवर ठेवून चार्ज करू नका. तो तापला की स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. आणि पॉइंट आला म्हणून चालवताना मोबाइल हातात धरून बोलायचं नाही. दंड होतो तो वेगळाच, जिवाचा प्रश्न आधी.

मिस्त्रीला विचारायचे पाच प्रश्न

गॅरेजात काम करून घेत असाल तर एवढं विचारा. करंट कोणत्या लाइनवरून घेतला? फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे लावला? किल्ली बंद केल्यावर सॉकेट बंद होतं का? जोड दाबून केला की नुसता पिळला? वायर पत्र्यातून जाते तिथे रबर आहे का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट बोट ठेवून दाखवतो. "काही होत नाही हो" एवढंच उत्तर आलं, तर दुसरा कारागीर बघा.

ज्यांच्या गाडीत आधीच पॉइंट बसवलेला आहे, त्यांनीही आज दहा मिनिटं काढावीत. सॉकेटच्या मागून निघालेली लाल वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. वाटेत फ्यूज सापडला पाहिजे. धान्याची पोती जवळ असतील किंवा गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा. फ्यूज सापडला नाही, तर तो बसवून होईपर्यंत ती वायर बॅटरीपासून सोडवून ठेवा.

गाडी चालवताना जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर वाट बघू नका. गाडी बाजूला घ्या, किल्ली बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. आग दिसत नसेल आणि पाना हाताशी असेल तर बॅटरीची मायनस वायर सोडवा. धूर वाढत असेल किंवा ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडू नका, लांब व्हा आणि 112 ला फोन लावा.